वीस खाटांच्या प्रसूतिगृहाचे दप्तर: कागदावर ठेवावे की संगणकावर?

सुईण

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी मी गेली सतरा वर्षे वीस खाटांचे प्रसूतिगृह चालवते. आमचे सारे दप्तर आजवर कागदावरच राहिले आहे. बाह्यरुग्णांसाठी पिवळे कार्ड, भरती झालेल्या बाईचा केसपेपर, त्याला टाचलेले टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, पार्टोग्राफ म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख, आणि संमतीपत्र, आणि घरी जाताना दिलेल्या डिस्चार्ज कार्डाची कार्बन प्रत, असा आमचा संसार आहे. संगणक आहे, पण तो बिलांपुरता आणि सोनोग्राफीचे एफ फॉर्म (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालचा नोंदीचा नमुना) ऑनलाइन भरण्यापुरता.

गेल्या महिन्यात घडलेल्या एका प्रसंगामुळे हा प्रश्न विचारावासा वाटला. सातवा महिना लागलेली एक बाई दुसऱ्या बाळंतपणासाठी नाव घालायला आली. रक्तगट ओ निगेटिव्ह. पहिले बाळंतपण सहा वर्षांपूर्वी आमच्याकडेच झाल्याचे ती सांगत होती. परंतु त्या बाळाचा रक्तगट कोणता होता आणि प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत आपल्याला अँटी-डीचे इंजेक्शन (आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास, आईच्या रक्तात पुढच्या बाळाला घातक अँटीबॉडी तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) दिले होते की नाही, हे तिला सांगता येईना. वडील रात्री कुठून तरी महागडे इंजेक्शन घेऊन आले होते, एवढेच तिला आठवत होते. डिस्चार्ज कार्ड घर बदलताना हरवलेले. माळ्यावरच्या गठ्ठ्यांतून तिचा केसपेपर शोधायला दोन माणसांना अडीच तास लागले आणि तो सापडला मुलाच्या जन्मतारखेवरून, भलत्याच नावाखाली. पहिल्या खेपेला ती माहेरी आलेली होती, केसपेपर वडिलांनी काढला होता आणि त्यांनी सवयीने लेकीचे माहेरचे नाव सांगितले होते. लग्नात तिचे पहिले नावही बदललेले असल्यामुळे ती आता सांगत असलेल्या नावातला एकही शब्द जुन्या कागदाशी जुळत नव्हता. अँटीबॉडीची तपासणी आम्ही तशीही केलीच असती, त्यामुळे वैद्यकीयदृष्ट्या काही बिघडले नाही. पण ते अडीच तास माझ्या मनाला लागून राहिले आहेत.

माझे यजमान बालरोगतज्ज्ञ आहेत आणि सरळ संगणकावर जावे असे त्यांचे मत आहे. सॉफ्टवेअर विकणारा प्रतिनिधी तर तीन महिन्यांत संपूर्ण कागदमुक्त करून देतो असे सांगून गेला. आमच्या मोठ्या सिस्टर मात्र म्हणाल्या, "मॅडम, कळा देणाऱ्या बाईचा हात धरू की माऊस धरू?" मला दोन्ही बाजूंचे पटते, आणि म्हणूनच निर्णय होत नाही. कायद्याने कागद ठेवावेच लागतात का, वीज गेल्यावर काय करायचे, आणि सतरा वर्षांच्या जुन्या गठ्ठ्यांचे काय करायचे, याविषयी अनुभवी मंडळींनी सांगावे.

जुने दप्तर

मॅडम, एका शासकीय रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात माझी एकतीस वर्षे गेली, त्यामुळे थोडे अधिकाराने लिहितो. आपला केसपेपर कागदावर होता म्हणून अडीच तास लागले, हे निदान मला मान्य नाही. आपल्याकडे निर्देशसूची, म्हणजे नावावरून केसपेपराचा क्रमांक सांगणारी यादी, नव्हती, म्हणून ते अडीच तास लागले. आमच्याकडे लाखांच्या घरात केसपेपर होते आणि तरबेज कारकून हवा तो कागद दहा मिनिटांत टेबलावर ठेवत असे.

त्यामागे फार मोठे शास्त्र नव्हते. प्रत्येक रुग्णाला आयुष्यभरासाठी एकच नोंदणी क्रमांक द्यायचा, तो पुन्हा कितीही वेळा भरती झाला तरी बदलायचा नाही. केसपेपर लावताना क्रमांकाच्या शेवटच्या दोन आकड्यांकडे पाहायचे. ०४-३७-६२ हा क्रमांक असेल तर तो ६२व्या खणात, तिथे ३७च्या कप्प्यात, चौथ्या जागी. नवे कागद एकाच टोकाला साठत न जाता सगळ्या खणांत सारखे वाटले जातात, आणि खणागणिक कडेला रंगाची पट्टी लावली की चुकीच्या जागी घातलेला कागद लांबूनच डोळ्यांत खुपतो. केसपेपर बाहेर काढला की त्याच्या जागी कोणी, कधी आणि कशासाठी नेला हे लिहिलेला पुठ्ठा उभा करायचा. चुकीच्या खणात गेलेला कागद हा हरवलेलाच कागद, असे आमचे वरिष्ठ नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत.

आता संगणकाबद्दल. ही सूची संगणक माणसापेक्षा कितीतरी पटींनी चांगली सांभाळतो, म्हणून आपण सुरुवात तिथूनच करावी, बाकीचे सॉफ्टवेअर घ्यायचे की नाही ते मागाहून पाहावे. सूचीत बाईचे सध्याचे नाव, माहेरचे संपूर्ण नाव, पतीचे नाव, वडिलांचे नाव, सासरचे आणि माहेरचे गाव, जन्मसाल आणि दोन मोबाइल क्रमांक असे वेगवेगळे रकाने हवेत. बाजारातल्या पुष्कळशा सॉफ्टवेअरमध्ये माहेरच्या नावाला रकानाच नसतो, कारण ते बनवणाऱ्याने महाराष्ट्रातली पहिलटकरीण पाहिलेली नसते. शिवाय नावे इंग्रजीत भरली तर संगीता एका नोंदीत आय घालून आणि दुसरीत दोन ई घालून लिहिली जाते आणि संगणक त्यांना दोन बायका समजतो. शक्य तर नावे देवनागरीतच भरावीत.

आभा या आरोग्य खात्याच्या क्रमांकाचाही विचार करावा. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातला हा चौदा आकडी क्रमांक लग्नाने बदलत नाही, हा आपल्या दृष्टीने त्याचा मोठा गुण आहे. तो काढणे ऐच्छिक आहे, त्यामुळे क्रमांक नाही म्हणून कोणालाही परत पाठवू नये. त्याच्याविषयी एक गैरसमज फार आढळतो, तो असा की सगळे कागद दिल्लीला जमा होतात. तसे नाही. नोंदी ज्या त्या रुग्णालयाकडेच राहतात आणि रुग्णाने संमती दिल्यावर दुसऱ्याला दिसतात.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणमध्ये शल्यचिकित्सक आहे. २२ जुलै २०२१चा पूर माझ्या दवाखान्याने पाहिला आहे. कागदाचे वजन स्लॅबवर नको म्हणून रेकॉर्ड रूम तळमजल्यावर होती. डिस्चार्ज कार्डे मी काही वर्षे संगणकावर करत होतो, तो संगणक स्वागतकक्षातल्या टेबलाखाली होता, आणि मी जिचा मोठा अभिमान बाळगून होतो ती बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती. कागद आणि संगणक या दोहोंपैकी काय टिकते, याचे उत्तर मला एका दिवसात मिळाले: तळमजल्यावरचे काहीही टिकत नाही.

पाणी ओसरल्यावर रेकॉर्ड रूमचे दार उघडेना, कारण आतले गठ्ठे फुगून दाराला टेकले होते. चिखलातून निघालेले कागद आम्ही पहिल्या मजल्यावर पसरले, दर चार-पाच पानांमध्ये कोरा न्यूजप्रिंट घातला, आणि पाने पूर्ण वाळून एकमेकांना चिकटण्याआधी, ओलसर असतानाच, एकेक करून सोडवली. त्या कामात असे लक्षात आले की साध्या बॉलपेनने लिहिलेले बहुतेक सगळे वाचता येत होते, तर जेलपेनाचे आणि शाईपेनाचे लिखाण निळ्या डागांत विरघळले होते. थर्मल कागदावरच्या ईसीजीच्या पट्ट्या साफ गेल्या. तशाही त्या काही वर्षांत पुसट होतातच, म्हणून ईसीजीची झेरॉक्स काढून केसपेपरला लावण्याची शिस्त मी तेव्हापासून लावली आहे. दवाखान्यात आजही जेलपेनाला बंदी आहे. नव्या मुलांना त्याचे हसू येते, येऊ दे.

सर्वांत उपयोगी कागद आले ते मात्र रुग्णांकडून. आसपासच्या डोंगराळ गावांतल्या माणसांनी आपापली डिस्चार्ज कार्डे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, रेशनकार्डाशेजारी, कपाटात जपून ठेवली होती. त्यांच्या झेरॉक्स काढून मी माझे निम्मे दप्तर पुन्हा उभे केले. म्हणून, मॅडम, आपण कोणतीही पद्धत घ्या, रुग्णाच्या हातात सुवाच्य आणि संपूर्ण प्रत द्या. आपल्या त्या बाईच्या कार्डावर रक्तगट आणि अँटी-डीची तारीख ठळक लिहिलेली असती आणि त्याचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये असता, तर माळ्यावर चढायची वेळच आली नसती.

संगणकावर जाणार असाल तर नोंदींच्या तीन प्रती ठेवा, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर हवी, आणि एक अशी हवी की जी एरवी संगणकाला जोडलेलीच नसते. पाणी फक्त नदीचेच येते असे नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यात बंद पडले आणि जवळजवळ दोन आठवडे तिथले कामकाज हाताने लिहून चालवावे लागले. तिथे निदान हाताने लिहिता येणारी माणसे आणि छापील केसपेपर होते. आपल्या कपाटातही कोऱ्या केसपेपरांचा एक गठ्ठा कायम असू द्या. आणि बॅकअप घेतो एवढ्यावर समाधान मानू नका. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एक केसपेपर प्रत्यक्ष उघडून पाहा.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. सुरुवातीची नऊ वर्षे कागदावर आणि नंतरची सहा वर्षे एका मोठ्या खासगी रुग्णालयात संगणकावर काम केले आहे. आपल्या मोठ्या सिस्टरांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये, अशी विनंती आहे.

प्रसूतिकक्षात दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके आणि कळा मोजायच्या असतात. पार्टोग्राफचा कागद पॅडवर लावून खाटेच्या पायथ्याशी टांगलेला असला, तर ठोके मोजून झाल्या झाल्या ठिपका मारला जातो, आणि गर्भाशयाचे तोंड उघडण्याची रेघ सावधानतेच्या रेघेच्या उजवीकडे सरकू लागली की ते नुसत्या नजरेला दिसते; तेवढ्यावर डॉक्टरांना फोन जातो. आमच्याकडे संगणक आला तो सिस्टरांच्या टेबलावर, खाटांपासून वीस पावलांवर. मग आम्ही काय करत होतो? ग्लोव्हजच्या पाकिटाच्या मागे आकडे लिहून ठेवत होतो आणि पाळी संपताना एकदम संगणकात भरत होतो. पडद्यावर आलेख सुबक दिसे, पण ज्या क्षणी तो कोणी तरी बघायला हवा होता त्या क्षणी तो तिथे नसे.

दुसरी खोड नक्कल करण्याची. कालची नोंद आज एका बटणाने उतरवता येते. सीझर झालेल्या एका बाईच्या नोंदीत 'लघवीची नळी चालू' हे वाक्य, नळी काढल्यानंतरही तीन दिवस तसेच येत राहिले होते. हाताने लिहिणारी माणसेही कंटाळा करतात, पण कंटाळलेले अक्षर निदान ओळखू येते.

संगणकाचे चांगलेही सांगितले पाहिजे. डॉक्टरांचे अक्षर लावत बसणे संपले, आणि ज्याला ते रात्री अडीच वाजता एकटीने लावावे लागले आहे त्यालाच याची किंमत कळेल. पेनिसिलिनची ॲलर्जी लाल अक्षरांत आपोआप समोर येते. रक्ताचे रिपोर्ट प्रयोगशाळेतून थेट दिसतात, मावशींना जिना चढावा लागत नाही. माझा अनुभव विचाराल तर औषधे, रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड संगणकावर असावे. प्रसूतिकक्षातले कागदावरच राहू द्यावे आणि बाळ झाल्यावर त्या कागदाचा फोटो केसपेपरला जोडावा. सगळेच संगणकावर हवे असेल तर प्रत्येक खाटेशी टॅबलेट द्यावा लागेल, आणि तो ओल्या ग्लोव्हजनी चालत नाही.

वकीलपत्र

कायद्याविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. ग्राहक आयोगांपुढे डॉक्टरांच्या आणि रुग्णांच्याही बाजूने काम केले आहे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारनियमांनुसार भरती रुग्णाचे दप्तर उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवावे लागते, रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास ७२ तासांत द्यावे लागते, आणि दप्तर संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा असेही त्याच नियमांत म्हटले आहे. तीन वर्षे ही किमान मुदत आहे. नवजात बाळाच्या बाबतीत दाव्याची मुदत बाळ सज्ञान होईपर्यंत थांबू शकते, म्हणून प्रसूतीचे केसपेपर, विशेषतः बाळाला त्रास झाला होता असे, एकवीस वर्षे ठेवा असे मी माझ्या पक्षकारांना सांगतो.

आपल्या शाखेला मात्र आणखी दोन कायदे लागतात आणि 'संपूर्ण कागदमुक्त' ही घोषणा तिथेच अडते. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत असे स्पष्ट आहे की सोनोग्राफीच्या नोंदी संगणकावर ठेवल्या असल्या तरी त्यांची छापील प्रत काढून, जबाबदार व्यक्तीने ती प्रमाणित करून जतन केली पाहिजे. या नोंदींतली त्रुटी म्हणजे केवळ कारकुनी चूक, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०१९च्या निकालात मान्य केलेला नाही. दुसरा कायदा गर्भपाताचा. त्याचे भरतीचे रजिस्टर गोपनीय असते, ते त्या कॅलेंडर वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षे ठेवायचे असते, आणि इतर कागदांवर, उदाहरणार्थ शस्त्रक्रियागृहाच्या रजिस्टरात, त्या बाईचे नाव न लिहिता केवळ अनुक्रमांक लिहायचा असतो. जे सॉफ्टवेअर शस्त्रक्रियेच्या यादीत नाव आपोआप छापते आणि ती यादी स्वागतकक्षातल्या मुलीलाही दाखवते, ते घेऊन आपण नकळत कायदा मोडाल. प्रतिनिधीला पहिला प्रश्न हाच विचारा.

पुराव्याचे म्हणाल, तर संगणकावरची नोंद न्यायालयात चालते, पण ती कोणत्या यंत्रातून आणि कशी काढली याचे प्रमाणपत्र तिच्याबरोबर लागते. ते अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या प्रकरणात सांगितले. वाद होता जालना विधानसभेच्या निवडणुकीचा आणि चित्रफितींचा, पण नियम आपल्या डिस्चार्ज कार्डालाही तोच. १ जुलै २०२४पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला असून आता ते प्रमाणपत्र त्याच्या कलम ६३खाली, ठरलेल्या नमुन्यात, द्यावे लागते.

खाडाखोडीबद्दल एक सांगण्यासारखे आहे. कागदावर चूक झाली तर एक आडवी रेघ मारावी, मूळ शब्द वाचता आला पाहिजे, शेजारी तारीख, वेळ आणि सही करावी. व्हाइटनर लावलेला केसपेपर माझ्या हाती आला की मी अर्धी लढाई हरलो असे समजतो. संगणकावर हेच काम बदलांची नोंदवही करते: कोणी, केव्हा, काय बदलले. ती नोंदवही बंद करता येत असेल किंवा सगळा कर्मचारीवर्ग एकाच पासवर्डने आत जात असेल, तर त्या नोंदीला कागदाइतकीही किंमत उरणार नाही. वर सिस्टरांनी पाळी संपताना एकदम भरण्याविषयी लिहिले आहे; तेही तिथे दिसते. दुपारी दोनचे, अडीचचे आणि तीनचे ठोके रात्री आठ वाजून चार मिनिटांनी भरले, हे समोरचा वकील वाचून दाखवतो. अशा वेळी 'उशिरा केलेली नोंद' असे प्रामाणिकपणे लिहिलेले कधीही बरे.

टेम्सपार

इंग्लंडमध्ये जनरल प्रॅक्टिस करतो, मूळचा साताऱ्याचा. इकडे फॅमिली डॉक्टरांकडे १९११ सालच्या कायद्यापासून चालत आलेली, रुग्णांचे कागद ठेवायची लहानशी पुठ्ठ्याची पाकिटे असतात, त्यांना तेव्हाचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांचे नाव आहे. आम्ही कित्येक वर्षे सगळे संगणकावरच लिहितो, तरी ही पाकिटे संपलेली नाहीत; जुने सगळे एका दमात उतरवून काढू असे जो म्हणतो त्याने हे लक्षात ठेवावे. आणि सरकारने वरून एकच पद्धत लादली की काय होते तेही इथे दिसले: २००२ साली हाती घेतलेला आरोग्यसेवेच्या संगणकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०११ साली गुंडाळावा लागला.

मला एकच भर घालायची आहे. कागदावरची चूक तिथल्या तिथे पडून राहते, संगणकावरची चूक प्रवास करते. एका रुग्णाच्या नावापुढे मधुमेहाची नोंद कोणी तरी चुकून केली आणि ती रुग्णालय, डोळ्यांची तपासणी, विमा अशी सगळीकडे फिरली; ती काढून टाकायला मला आठ महिने पत्रे लिहावी लागली. म्हणून रक्तगटासारखी नोंद करताना मूळ रिपोर्ट पाहूनच करावी, तोंडी ऐकून नव्हे.

सुईण

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांनी आणि मोठ्या सिस्टरांनी दोघांनीही सगळे वाचले, आणि दोघेही आपलेच म्हणणे खरे ठरले असे सांगत आहेत.

आम्ही असे ठरवले आहे. निर्देशसूची, प्रयोगशाळेचे रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड संगणकावर; डिस्चार्ज कार्डाची छापील प्रत बाईच्या हातात, रक्तगट वरच्या ओळीत. पार्टोग्राफ, टीपीआर आणि संमतीपत्र कागदावर. सोनोग्राफीच्या नोंदींच्या सहीच्या प्रती पूर्वीसारख्याच फाईलला. गर्भपाताचे रजिस्टर माझ्या कुलपात, सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताही नको. प्रतिनिधीला फोन करून माहेरच्या नावाचा रकाना आणि बदलांची नोंदवही या दोन गोष्टी विचारल्या. पहिली तो करून देणार आहे, दुसरीविषयी "वर विचारून सांगतो" म्हणाला आहे. ते उत्तर येईपर्यंत पैसे देणार नाही.

एक शंका उरते. माळ्यावर सतरा वर्षांचे केसपेपर आहेत. सूचीत भरायला कोणापासून सुरुवात करावी? वर्षाच्या क्रमाने गेले तर माझी निवृत्ती आधी येईल.

जुने दप्तर

वर्षाच्या क्रमाने जाऊच नका. ज्या बाया परत येण्याचा संभव आहे त्यांच्यापासून सुरुवात करा, म्हणजे गेल्या सहा-सात वर्षांतल्या पहिलटकरणी. त्यांतही आधी निगेटिव्ह रक्तगटाच्या आणि सीझर झालेल्या काढा. प्रसूतीच्या रजिस्टरात या दोन्ही नोंदी एका ओळीत मिळतात, त्यासाठी गठ्ठा सोडावा लागत नाही. बाकीच्यांचा केसपेपर ज्या दिवशी ती बाई दारात येईल त्या दिवशी भरावा. आणि एक: नाव घालून घेणाऱ्या मुलीला सांगून ठेवा, की नाव वडिलांना किंवा नवऱ्याला न विचारता बाईलाच विचारायचे, आणि दोन्ही विचारायचे.